पंखांचे पैसे

यंदाच्या स्मरणिकेत इतिहासाविषयी काहीतरी लिहा असे आमच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. इतिहास म्हटला की जिजाबाई, अहिल्याबाई, झाशीची राणी ही नावे डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांच्यावर लिहिणारी अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मला खात्रीने कळतो असा एकच विषय आहे, तो म्हणजे घरखर्च. म्हणून मी पैशांचाच इतिहास लिहिते, पण जरा निराळ्या पैशांचा. विमान चालवायला शिकण्यासाठी बायकांनी पैसे कोठून आणले, त्याची ही हकीकत आहे. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतले मराठी मी स्वतः वाचले आणि इंग्रजी माझ्या मुलाने वाचून सांगितले.

हा विषय मला का सुचला तेही सांगते. आपल्याच मंडळाच्या एका भगिनीच्या मुलीने वैमानिक व्हायचे ठरवले आहे. घरात रोज त्यावरून बोलणे चालते. मुलगी हुशार आहे, धीट आहे, त्याबद्दल कोणाचेच दुमत नाही. अडले आहे ते पैशांपाशी. राहते घर बँकेकडे गहाण टाकावे की टाकू नये, एवढाच प्रश्न आहे, पण तो लहान नाही. अशा वेळी आपल्या आधी ज्या बायका ह्या वाटेने गेल्या त्यांनी काय केले, हे पाहावेसे वाटले.

त्यांत माझ्या मनात सर्वांत अधिक भरली ती अमेरिकेतली बेसी कोलमन. तिचा जन्म २६ जानेवारी १८९२ चा, म्हणजे आपल्या प्रजासत्ताकदिनाच्या तारखेचा. टेक्सास प्रांतात अटलांटा नावाचे लहानसे गाव आहे, तेथला. आई काळी, बाप काळा आणि काहीसा तिकडच्या आदिवासी रक्ताचा. भावंडे तेरा. बेसी लहान असतानाच हे कुटुंब वॉक्सहाची ह्या गावी राहायला आले. बेसी नऊ वर्षांची असताना बाप घर सोडून दूरच्या प्रांतात निघून गेला. आई मागे राहिली आणि मोलमजुरी करून तिने लहान पोरे वाढवली. आईला अक्षरओळख नव्हती. पण मुलांनी शिकावे म्हणून ती धडपडे, आणि फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून पुस्तके घेई.

कापूस वेचायच्या दिवसांत शाळा बंद होई आणि सगळे घर शेतावर जाई. बेसीला हिशेब चांगला येई, म्हणून कुटुंबाने किती कापूस वेचला, त्याचे किती झाले, हे लिहून ठेवण्याचे काम तिच्याकडे असे. असे सांगतात की मुकादमाची नजर चुकवून ती वजनकाट्यावर हळूच पाय टेकवी, म्हणजे वजन जास्त भरे. मला ही गोष्ट वाचून हसू आले. ज्यांनी त्यांना वर्षानुवर्षे कमी मोजून दिले, त्यांना एका मुलीच्या पायाचे वजन जड झाले नसेल.

मोठी झाल्यावर बेसी लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देऊ लागली. गोऱ्यांच्या घरी मागच्या दाराने जायचे, गाठोडे द्यायचे, पैसे घ्यायचे. त्या पैशांवर ती १९१० साली ओक्लाहोमातल्या लँग्स्टन येथे काळ्या मुलामुलींसाठी असलेल्या महाविद्यालयात गेली. तेथे एकच सत्र झाले आणि पैसे संपले. परत गाव, परत धुण्याचे गाठोडे. आपल्याकडे किती मुलींचे शिक्षण असे मध्येच सुटले असेल! त्याची मोजदाद कोणत्याही पुस्तकात नाही.

१९१५ साली ती भावांकडे शिकागोला आली. तेथे तिने एका केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे कापून घासून देण्याचे काम धरले. खिडकीपाशी बसून ती हे काम करी. पुढे महायुद्ध संपले, भाऊ फ्रान्सहून परतला आणि एक दिवस तिला चिडवू लागला की तिकडच्या बायका विमाने चालवतात, तुम्हांला ते कधी जमायचे नाही. भावाच्या चेष्टेने बहिणीच्या आयुष्याला वळण लागले. तिने ठरवले की आपण विमान शिकायचे.

पण शिकवणार कोण? अमेरिकेतील विमानशाळांनी तिला घेतले नाही. एक तर ती काळी, त्यातून बाई. शिकागोत काळ्या लोकांचे ‘शिकागो डिफेंडर’ नावाचे मोठे वर्तमानपत्र होते. त्याचे मालक रॉबर्ट अ‍ॅबट यांच्याकडे ती गेली. त्यांनी सांगितले, पैसे जमव, फ्रेंच भाषा शिक आणि फ्रान्सला जा. तेथे रंगावरून अडवणार नाहीत.

मग बेसीने काय केले ते पाहा. नखे घासण्याचे काम सोडून एका खानावळीत व्यवस्थापकाचे काम धरले, कारण तेथे पगार जास्त होता. ती खानावळ मांसाच्या तिखट रश्श्यासाठी चाले. दिवसभर खानावळ आणि उरलेल्या वेळात फ्रेंच भाषेचा वर्ग. पगारातून बाजूला टाकलेली शिल्लक काही पुरेशी नव्हती. उरलेली भर अ‍ॅबट आणि जेसी बिंगा यांच्याकडून आली. हे बिंगा शिकागोतले काळे पेढीवाले. आता हे पैसे देणगी की कर्ज असा प्रश्न आपल्याला पडेल. एवढे खरे की वर्तमानपत्राला तिच्या बातम्या मिळाल्या, वाचक वाढले, आणि तिला फ्रान्सला जाता आले. दोघांचाही फायदा असला म्हणजे मिंधेपणा वाटत नाही. मला तरी हे बरे वाटते.

नोव्हेंबर १९२० मध्ये ती न्यूयॉर्कहून बोटीने निघाली. फ्रान्सच्या उत्तरेला समुद्राकाठी ल क्रोतुआ नावाचे गाव आहे. तेथे कोद्राँ बंधूंची विमानशाळा होती. ती रोज नऊ मैल चालत शाळेला जाई असे तिने स्वतः पुढे सांगितले. शिकायचे विमान न्यूपोर जातीचे, दोन मजली पंखांचे, लाकूड आणि कापड यांचे. त्याला आजच्यासारखी चाके वळवायची सोय नाही, थांबवायला ब्रेक नाही. बसण्यापूर्वी प्रत्येक तार, प्रत्येक सांधा आपण स्वतः तपासायचा. तिच्या डोळ्यांदेखत बरोबरचा एक विद्यार्थी विमान पडून मेला. ती तरीही दुसऱ्या दिवशी शिकायला गेली. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय संघाचा परवाना मिळाला. असा परवाना मिळवणारी ती पहिली काळी अमेरिकन बाई.

येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते आणि ते येथेच टाळ्या वाजवून थांबतात. माझ्या मते खरी पैशांची गोष्ट पुढे आहे. परवाना हाती आला तरी पोट कसे भरायचे? त्या काळी प्रवासी विमाने आजच्यासारखी नव्हती. वैमानिकाला कमाईचा मार्ग म्हणजे जत्रेत कसरती करून दाखवणे. त्या कसरती शिकायला ती १९२२ साली पुन्हा युरोपला गेली. फ्रान्स, हॉलंड, जर्मनी असे देश फिरली. हॉलंडमध्ये तिला विमाने बांधणारे फोकर भेटले. परत आल्यावर ३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कजवळ तिचा पहिला जाहीर खेळ झाला.

तिच्याजवळ स्वतःचे विमान मात्र नव्हते. दर खेळाला दुसऱ्याचे विमान घ्यायचे. एका चित्रपटात काम मिळाले, पण पहिल्याच दृश्यात फाटके कपडे, हातात काठी, पाठीवर गाठोडे अशी गावंढळ बाई दाखवणार म्हणून तिने ते नाकारले. पैसे गेले आणि काही पाठीराखेही गेले. आपण आता म्हणतो, किती मानी! पण त्या महिन्याचे भाडे तिने कसे भरले असेल, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे कॅलिफोर्नियात तिने लष्कराने काढून टाकलेले एक जुने विमान विकत घेतले. ‘जेनी’ म्हणत त्याला. किंमत चारशे डॉलर. फेब्रुवारी १९२३ मध्ये तेच विमान सांता मोनिका येथे उडताना बंद पडून खाली आले. विमानाचा चुराडा झाला, तिचा पाय मोडला, बरगड्या मोडल्या. महिनोन्‌महिने ती रुग्णालयात पडून होती. बचत संपली, विमान संपले. पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

१९२५ साली ती पुन्हा टेक्सासमध्ये खेळ करू लागली. वॉक्सहाचीला, म्हणजे जेथे ती कपडे पोचवायला मागच्या दाराने जाई त्याच गावात, तिने सांगितले की काळ्यांना आणि गोऱ्यांना आत यायला एकच दार असेल तरच मी उडेन. आयोजकांनी शेवटी ते मानले. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. पैशांची एवढी नड असताना खेळ सोडण्याची धमकी द्यायची, ह्याला काय म्हणावे ते ज्याचे त्याने ठरवावे.

तिच्या मनात एक शाळा होती. आपल्या लोकांना विमान शिकवणारी शाळा. त्यासाठी तिने डॅलसला आणखी एक जुने विमान हप्त्यांनी घेतले. हप्ते भरायला ठिकठिकाणी व्याख्याने दिली. फ्लोरिडात ऑर्लँडो येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी राहून तिने बायकांच्या केशभूषेचे दुकानही काढले. शेवटचा हप्ता तिथल्याच एका श्रीमंत गृहस्थाने, एडविन बीमन यांनी, भरला, तेव्हा ते विमान तिच्या ताब्यात आले. ते डॅलसहून आणताना वाटेतच बंद पडले आणि पुन्हा पुन्हा उतरवावे लागले. इतके ते जुने.

३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिल येथे दुसऱ्या दिवशीच्या खेळाची जागा पाहायला ती वर गेली. विमान तिचा यांत्रिक विल्यम विल्स चालवत होता. खाली वाकून मैदान नीट दिसावे म्हणून तिने कमरेचा पट्टा बांधला नव्हता. विमान एकाएकी खाली झेपावले आणि उलटले. ती बाहेर फेकली गेली. विल्सही विमानासह पडून गेला. मागून तपासले तेव्हा यंत्रात एक पाना सरकून अडकलेला सापडला. बेसीचे वय ३४ होते. शाळा निघाली नाही.

अपघात पान्यामुळे झाला हे खरे. पण त्या पान्याच्या मागे एक गोष्ट आहे. नव्या विमानांत यंत्रावर झाकण असे, जुन्यात ते उघडे असे. तिला जुने घ्यावे लागले, कारण नव्याचे पैसे नव्हते. शिकायचे पैसे जमवता येतात, पण शिकल्यानंतरचे पैसे कोणी मोजत नाही, असे मला ह्या हकिकतीवरून वाटते.

त्याच सुमारास गोऱ्या घरच्या मुलींचे कसे चालले होते तेही थोडक्यात सांगते. अमेलिया इअरहार्ट हिचे नाव सर्वांनी ऐकलेले आहे. तिने छायाचित्रकाराकडे काम केले, मालमोटार हाकली, टेलिफोन कंपनीत नोकरी केली आणि एक हजार डॉलर साठवले. १९२१ च्या जानेवारीत नेटा स्नूक ह्या बाईकडे तिने शिकवणी लावली. सहा महिन्यांत एक जुने पिवळे विमान घेतले. त्याला ती ‘कॅनरी’ म्हणे. त्यात तिच्या बचतीबरोबर आईचाही पैसा होता. आईने मुलीच्या विमानाला पैसे दिले, हे वाचून मला फार बरे वाटले. न्यूझीलंडच्या जीन बॅटनने आपला पियानो विकला. आपल्याकडे पाटल्या मोडतात, तसेच ते.

इंग्लंडची एमी जॉन्सन ही तर वकिलाच्या कचेरीतली टंकलेखिका. तिकडे सरकार विमान क्लबांना मदत देई, म्हणून क्लबचे दर नोकरदार मुलीला कसेबसे पेलण्यासारखे होते. ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने जायचे तिच्या मनात आले तेव्हा विमानाला सहाशे पौंड लागत होते. निम्मे वडिलांनी दिले आणि निम्मे लॉर्ड वेकफील्ड या तेलाच्या व्यापाऱ्याने. वडिलांचा मासळीचा धंदा होता. त्या मालाच्या छापाचे नाव ‘जेसन’, तेच तिने विमानाला दिले. ५ मे १९३० ला ती निघाली, वाटेत तेल संपत आल्यामुळे आपल्या झाशीला उतरली, आणि २४ मे रोजी डार्विनला पोचली. राणीच्या झाशीत उतरली याचा मला उगीचच अभिमान वाटला.

आपल्या देशातही १९२८-२९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, कराची येथे विमान क्लब निघाले. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईच्या क्लबातून परवाना मिळाला. पण ते टाटा. त्यांना भिशी लावायची गरज नव्हती. लाहोरच्या सरला ठकराल ह्या १९३६ साली एकविसाव्या वर्षी साडी नेसून एकट्या विमानात बसल्या, त्या वेळी त्यांची मुलगी चार वर्षांची होती. त्यांच्या सासरी वैमानिकच पुष्कळ होते, पतीही वैमानिक. म्हणजे पैसा आणि परवानगी दोन्ही घरातूनच मिळाली. १९३९ साली पती विमान अपघातात गेले. त्या पुढचा व्यावसायिक परवाना घ्यायला जोधपूरला गेल्या, तोच महायुद्ध आले आणि नागरी शिक्षण बंद पडले. मग त्या चित्रकला शिकल्या आणि फाळणीनंतर दिल्लीत येऊन स्वतःच्या हिंमतीवर संसार उभा केला.

म्हणजे श्रीमंतांना घरचा पैसा, इंग्लंडात थोडा सरकारचा, आणि ज्यांना दोन्ही नाही त्यांनी काय करावे? याचे उत्तर पुन्हा बेसीच्याच लोकांनी दिले. १९३२ साली जेम्स बॅनिंग आणि टॉमस अ‍ॅलन हे दोघे काळे तरुण अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उडत निघाले. गाठीला पंचवीस डॉलर. गावोगाव उतरायचे, तेलापुरती वर्गणी मागायची, आणि जो कोणी पैसे किंवा जेवण देईल त्याचे नाव विमानाच्या पंखाच्या टोकावर लिहायचे. आपल्या देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावे कोरतात ना, तसेच! असे करत ते लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला पोचले.

आणि शिकागोत जेनेट ब्रॅग नावाची एक परिचारिका होती. तिने परिचारिकेच्या पगारातून विमानविद्येच्या वर्गाची फी भरली. वर्गात पुस्तकी ज्ञान मिळे, पण उडवायला विमान नाही, आणि काळ्यांना विमानतळावर येऊ देत नाहीत. तेव्हा त्या वर्गातल्या सर्वांनी मिळून संघ काढला. रॉबिन्स ह्या काळ्यांच्या गावात जमीन सपाट करून स्वतःच्या हातांनी धावपट्टी बांधली. जेनेटने सहाशे डॉलर देऊन विमान घेतले आणि त्यावर संघातल्या सर्वांना शिकू दिले. १९४३ साली दक्षिणेतल्या एका परीक्षकाने ती उत्तम उडते हे कबूल करूनही रंगामुळे तिला व्यावसायिक परवाना नाकारला. तिने शिकागोला परत येऊन परीक्षा दिली आणि तो मिळवला.

हे सहाशे डॉलर मला बेसीच्या चारशेपेक्षा जास्त मोलाचे वाटतात. बेसीने एकटीने सर्व ओढले, आणि विमान मोडले की सर्व मोडले. जेनेटचे विमान दहाजण वापरत होते.

आता आपल्या भगिनीच्या घरातल्या प्रश्नाकडे येते. आपल्या देशात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडावे लागते. त्या तासांचा खर्च आज अर्ध्या कोटीच्या आसपास बोलला जातो. तो भिशीतून निघणार नाही हे उघड आहे. एवढ्या मोठ्या कर्जाला बँक बहुधा तारण मागते, आणि घर नवराबायको दोघांच्या नावावर असले तर सही दोघांचीही लागते. म्हणून बाईने कागद वाचल्याशिवाय सही करू नये. शिक्षण चालू असतानाही व्याज चढत असते. ते दरमहा भरायचे की मुद्दलात मिळवायचे, हे आधी विचारावे. परवान्यानंतर विमान कंपनीच्या विशिष्ट जातीच्या मोठ्या विमानाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. त्याचे लाखो रुपये निराळे असतात आणि ते पुष्कळदा शाळेच्या पत्रकात लिहिलेले नसतात. कर्ज काढताना तेही धरावे. शिकून झाल्यावर नोकरी लागेपर्यंत वर्ष-दोन वर्षे गेली तर हप्ता कोण भरील, हे घरातल्या सर्वांनी बसून बोलावे. आणि सर्वांच्या आधी, एक रुपयाही शाळेला देण्यापूर्वी, मुलीची वैमानिकांसाठी ठरवून दिलेली वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यात किंवा कानात काही दोष निघाला तर ते तेव्हाच कळेल, आणि घराचे कागद कपाटातच राहतील. आमच्या भगिनीने मुलीसाठी पुढच्या आठवड्यात ह्या तपासणीची वेळ घेतली आहे.